नवी कुऱ्हाड जुनी करताना

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. पावसाळाभर आबा घरी असतात आणि पावसाळाभर माझ्या शिलाईच्या दुकानाचं नुकसान होतं. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन निघतात आणि मृगाच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात मी शांतपणे ब्लाउज शिवते.

नुकसान कसं होतं ते सांगते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आबा दारातल्या खुर्चीत बसतात. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला, त्यामुळे कळपातलं कोण भरलं आणि कोण उतरलं हे त्यांना लांबूनच कळतं. तेवढ्यावर ते थांबले असते तर ठीक होतं. ते गिऱ्हाइकांनाही सांगतात.

"बाई, जुन्या मापावर शिवू नगंस. गेल्या पावसाळ्यापेक्षा लई भरलीस. चांगलं हाय, अंगाला लागतंय."

ती बाई हसते, पिशवी उचलते आणि पुढच्या गल्लीतल्या मशीनवाल्याकडे जाते. मी आबांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, "मी तर कौतुक केलं." त्यांच्या दृष्टीने ते खरंच कौतुक होतं.

तेव्हा आबांनी मेंढरांमागे जावं असं आबांना जितकं वाटायचं तितकंच मलाही वाटायचं. कारणं तेवढी वेगळी होती.

त्यांच्या दोन्ही मुलांना मात्र ते नको होतं. माझा नवरा पिकअप चालवतो. दिराचा चौसाळ्याला हायवेवर चायनीजचा गाडा आहे. मेंढरं दोघांनाही नकोत. आबांचा पुतण्या बायकोसह त्याचा कळप घेऊन जातो आणि आबा आपली मेंढरं त्याच्याबरोबर नेतात. पण आबांचं वय झालंय, गुडघा धरतो, गेल्या उन्हाळ्यात कालव्याच्या एका चारीत पडले होते. मुलांचं म्हणणं होतं की मेंढरं विकावीत आणि आबांनी घरी बसावं. म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त 'घरी' म्हणजे माझ्या दुकानाच्या दारात, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

पोळ्याला भावकी जमली तेव्हा नवऱ्याने सगळ्यांदेखत विषय काढला. आबांनी कुऱ्हाडीचा दांडा जमिनीवर आपटला आणि म्हणाले, "ही कुऱ्हाड जवर माझ्या खांद्यावर हाय, तवर मेंढरं माझी. हिचं काम संपलं की इका मेंढरं. मी गप वट्ट्यावर बसतो."

भावकीला ते पटलं. मुलांनाही पटलं. त्यांना वाटलं, आबा दमले की स्वतःच कुऱ्हाड खाली ठेवतील. आबांना वाटलं, लोखंडाला काय होतंय. ती कुऱ्हाड त्यांच्या वडिलांनी गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेली होती. पातं तळहाताएवढं, दांडा छातीपर्यंत. पातं काळंकुट्ट, फक्त धारेला निळसर उजळ पट्टा. मेंढपाळाची कुऱ्हाड अशीच असते. मोठी झाडं तोडायला ती नसते, मेंढरांना पाला पाडून द्यायला असते. आणि ती काळी असावी लागते. चकचकीत कुऱ्हाड खांद्यावर टाकून कुणी रानात आला तर बाकीचे विचारतात, "का बे, कालच मेंढरं घेतली का?"

पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. आबा आले. हातात टॉवेलचं गाठोडं होतं.

"सूनबाई, पडदा लाव."

दुकानाच्या कोपऱ्यात बायकांना ब्लाउज घालून बघायला मी एक पडदा लावलाय. आबा त्या पडद्यामागे जाऊन उभे राहिले. मीही गेले. त्यांनी टॉवेल सोडला. आत कुऱ्हाडीचे दोन तुकडे होते. दांडा जिथून जातो त्या भोकाला, म्हणजे नेढ्यालाच, ती तडकली होती आणि उभी दुभंगली होती.

"कसं झालं?"

"लाकडं फोडायला गेलतो मळ्यात. बाभळीचं खोड होतं वाळलेलं."

"हे काम हिचं नाही, आबा."

"त्ये मला आता कळलं."

"कुणाला माहिती आहे?"

"तुला."

"आणखी?"

"त्या खोडाला."

मी म्हटलं, वेल्डिंग करून आणू. आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. वेल्डिंगवाला धाकट्याच्या गाड्याला लागूनच बसतो. दुपारी तुकडे दाखवले तर संध्याकाळी मंचुरियनबरोबर ती बातमी सगळ्या चौसाळ्याला वाढली जाईल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय जोड दिसणारच. लोहार तर कधीच वारले आणि त्यांची मुलं पुण्याला कंपनीत आहेत.

"मग हे मला का सांगताय?" मी विचारलं.

"कावून म्हंजे? तुझा फायदा हाय म्हणून. मी हितं बारा म्हैनं बसलो तर तुझी गिऱ्हाइकं कुठं जातील, त्ये तुला ठावं हाय की."

म्हणजे मी समजावत होते तेव्हा सगळं कळत होतं. मी तो विषय वाढवला नाही. म्हातारा व्यवहाराला पक्का होता आणि मलाही व्यवहारच कळतो.

पाटोद्याच्या बाजाराला मी एरवीही जाते. त्या आठवड्यात अस्तर आणायचं सांगून गेले आणि अस्तराच्या गठ्ठ्यात कुऱ्हाडीचं नवं पातं गुंडाळून आणलं. आकार बराचसा तोच होता. बाकी सगळं वाईट होतं. वरून चमकदार वार्निश, कडेला लाल पट्टा, एका गालावर कारखान्याचा शिक्का. आबांनी ते हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं.

"ही कुऱ्हाड हाय का आहेराचं भांडं?"

"काळी करू."

"चुलीत घातली तर पाणी उतरतंय धारेचं."

"चुलीत नाही घालायची. बघू काहीतरी."

गळ्याचे नवे नमुने मी मोबाइलवर बघते. तिथंच शोधलं, लोखंड काळं कसं करायचं. एक दाढीवाला गोरा माणूस निघाला. त्याच्या हातात अगदी आबांसारखी लहानशी कुऱ्हाड होती, लांब दांड्याची. तो काय बोलत होता ते आम्हाला कळत नव्हतं, पण करत काय होता ते दिसत होतं. पातं घासून स्वच्छ केलं, कसल्यातरी बाटलीतल्या पाण्यात बुडवलं, वर कसलीतरी पिवळी चटणी ठिपक्या-ठिपक्यांनी लावली. मग धुतलं तर लोखंडावर जुनाट करडा रंग चढलेला.

आबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. "ह्यो बी मेंढक्याच दिसतोय," ते म्हणाले. "ह्याची बी मोडली आसंल."

बाटलीवरचं चित्र मी ओळखलं. ते व्हिनेगर होतं. दिराच्या गाड्यावर त्याचे कॅन असतात. मी त्याला म्हटलं, कपड्यावरचे डाग काढायला थोडं व्हिनेगर दे. त्याने बाटली भरून दिली. पिवळी चटणी काय होती ते समजेना, म्हणून गाड्यावरचा लाल सॉसही मागून घेतला. तो कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खायला. त्याला वहिनीबद्दल जरा माया वाटली असावी, त्याने दोन पुड्या जास्त दिल्या.

पहिलं काम आबांनी केलं. पॉलिश पेपरने वार्निश आणि लाल पट्टा घालवला. मग कानस घेऊन शिक्का घासत बसले. जुन्या पात्याच्या कडा झिजून गोल झालेल्या होत्या, तशा याच्याही केल्या. धार एका बाजूला थोडी जास्त खाल्लेली होती, ती तशीच खाल्ली. हे सगळं पडद्यामागे चाललं होतं. बाहेर मी मशीन जोरात चालवायची, म्हणजे कानशीचा आवाज झाकला जायचा. त्या दिवसांत मी किती उलट शिवण घातली याचा हिशेब नाही.

मग पातं व्हिनेगरमध्ये बुडवलं. माझ्याकडे ब्लाउजच्या हुकांचा प्लास्टिकचा डबा होता, तोच रिकामा केला. नेमकी तेव्हाच शेजारच्या गल्लीतली एक बाई आली. तिला ब्लाउज घालून बघायचा होता.

"आत जाऊ ना?" ती पडद्याकडे वळली.

"आत नको," मी म्हणाले. "आत पाल आहे."

"पालीला काय भ्यायचं?"

"मोठी आहे."

आतून आबा खोकले. बाई माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "आबा पाल काढतायत." तिने नाक वर केलं. "आंबूस वास कसला येतोय हो? लोणचं घातलंय का?"

"हो."

"भाद्रपदात?"

"उशीर झाला यंदा."

ती गेली. पडद्यामागून आबा म्हणाले, "हिचं माप बी बदललंय." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा आणि तुमचं लोखंड बघा.

लोखंडाचं जे झालं होतं ते बघण्यासारखं होतं. आबांनी माझी वाट न बघता पातं बाहेर काढून, पुसून, त्यावर सॉसचे ठिपके लावले होते, गोऱ्या माणसासारखे. ते रात्रभर ठेवून सकाळी धुतले. पातं फिकट करडं झालं होतं आणि त्यावर गडद गोल गोल ठिपके उठले होते.

आबांनी पातं उजेडात धरलं. "ही घेऊन रानात गेलो," ते म्हणाले, "तर कुत्री माझ्यावरच भुंकतील. बिबट्या हाय ह्यो."

पुन्हा पॉलिश पेपर. दुसऱ्यांदा मी मीठ घातलं, लवकर रंग धरावा म्हणून. त्याने लाल गंज चढला. तेही घासलं. तोपर्यंत आबांचा धीर सुटत आला होता. नवरात्र जवळ आलं होतं आणि दांडा एकटाच कोपऱ्यात उभा होता. नवऱ्याने एकदा विचारलंही, पातं कुठंय. आबा म्हणाले, तेलात भिजत घातलंय. नवऱ्याने मान डोलावली. पिकअपवाल्याला तेलात भिजत घातलेल्या वस्तूंचं नवल वाटत नाही.

मग मी मोबाइल बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघराचा विचार केला. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो. लोखंडी तव्यावर चहाचा थेंब सांडून राहिला तर काळा डाग पडतो आणि तो सहज निघत नाही. म्हणजे आंबटाने लोखंड उघडं करायचं आणि तुरट वस्तूने काळं. मी पुन्हा व्हिनेगर लावलं, नुसतंच, मीठ नाही. मग पातेलंभर कोरा चहा उकळला, इतका कडक की आबांनीही प्यायला नको म्हटला, आणि पातं त्यात सोडलं.

संध्याकाळी काढलं तर काळं. तव्याच्या बुडासारखं खरं काळं. दगडावर धारेला उजळ पट्टा काढला, वर करडईचं तेल चोळलं. आबांनी दांडा ठोकून बसवला, खांद्यावर टाकली आणि आरशात बघितलं. माझ्या दुकानातल्या आरशात इतकं मन लावून कुठल्या नवरीनेही बघितलेलं नाही.

"जमली," ते म्हणाले.

जमलीच होती. सगळं नवरात्र ती कुऱ्हाड दाराशी उभी होती. नवरा रोज तिच्याजवळून ये-जा करत होता. दीर तर तिला टॉवेल अडकवायचा. कुणाला काही कळलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पूजेला बसतं. विळे, खुरपी, लोकर कातरायच्या कातऱ्या, नवऱ्याचे पाने आणि जॅक, दिराचा झारा आणि कढई, माझी मशीन. मध्ये आबांची कुऱ्हाड. सासूबाई होत्या तोवर सगळं त्याच घासायच्या, आणि कुऱ्हाड मात्र न घासता नुसत्या तेलाच्या फडक्याने पुसायच्या. नंतर ते काम माझ्याकडे आलं, मीही तसंच करायची. यंदा मी सकाळपासून मशीन उघडून बसले होते. खाली दोऱ्याची गुंडाळी अडकली होती. म्हणून धाकट्या जावेने ते काम आपण होऊन घेतलं.

धाकटी कामाला फार चांगली आहे. डाग म्हणून तिला सहन होत नाही. तिच्या नवऱ्याच्या गाड्याची कढई रोज रात्री आतूनच नाही तर बाहेरूनही चमकते.

मी मशीनला तेल घालून मागच्या अंगणात आले तेव्हा ती शेवटचा हात मारत होती. पुढ्यात राख, चिंचेचा गोळा, विटेचा चुरा. आणि आबांची कुऱ्हाड उन्हात अशी चमकत होती की बघवेना.

"आक्का, बघा," ती म्हणाली. "कुणी म्हणंल का ही आबांची कुऱ्हाड हाय म्हणून?"

"कुणी नाही म्हणणार," मी म्हणाले.

"केवढा मळ होता. कोऱ्या चहासारखं पाणी निघालं बघा. मला वाटलं लई वेळ लागंल, पण आंबट लावलं आणि सुटलंच."

मी खाली बसले. उभं राहून काही उपयोग नव्हता.

आबा फेटा बांधून आले. त्यांनी कुऱ्हाड बघितली, मग मला बघितलं, मग पुन्हा कुऱ्हाड. धाकटी कौतुकाची वाट बघत उभी होती.

"काय केलंस गं, पोरी?"

"घासली, आबा."

आबांनी फेटा नीट केला. "चांगलं केलंस," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तेच असावं.

तेवढ्यात दोघं मुलगे आले. दीर म्हणाला, "आयला, नवीच दिसती की."

धाकटीला ते लागलं. "नवी न्हाई. धुतलेली दिसती. तुमच्या घरात धुतलेली वस्तू कुणी बघितली न्हाई, त्याला मी काय करू?"

दीर आपला झारा शोधू लागला. आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही वाचलोय. आता कुऱ्हाड नवी दिसणारच होती, कारण धाकटीने ती घासली होती. मी इतके दिवस आंबट आणि तुरट करत बसले होते ते सगळं एका राखेच्या मुठीने केलं असतं. बाजारातून आणायची, धाकटीच्या पुढ्यात टाकायची आणि सगळ्यांना दाखवायची.

पण नवऱ्याने ती उचलली. तो दिवसभर वजनं चढवतो-उतरवतो, त्याच्या हाताला कळतं. त्याने एकदा तोलली, दुसऱ्यांदा तोलली.

"जड झालीय, आबा."

"राख बसली आसंल."

"राखेनं घासल्यावर झिजतं. जड कसं होईल?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तू डिझेल भरत जा."

नवऱ्याने पात्याच्या गालावरून अंगठा फिरवला. जिथं शिक्का होता तिथं तो थांबला. कानशीने घासलेली जागा डोळ्याला सपाट दिसते, अंगठ्याला दिसत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मशीनला कुंकू लावत होते. अतिशय मनोभावे लावत होते.

तेव्हा त्याने कुऱ्हाड पुन्हा पूजेत ठेवली. दसऱ्याच्या सकाळी दुकानात आला.

"कुठून आणली दोघांनी?"

"कोण दोघं?"

"पाटोद्याहून? अस्तराबरोबर?"

"अस्तर महाग झालंय," मी म्हणाले.

"धाकट्याला सांगतो आता. भावकीत ठरलंय. कुऱ्हाड गेली, मेंढरं विकायची. दिवाळीआधी गिऱ्हाईकही मिळेल."

"सांगा की. आबांना कुठं बसवायचं तेवढं आधी ठरवा. दुकानात जागा नाही."

"मग कुठं?"

"तुमच्या पिकअपमध्ये. शेजारच्या सीटवर. रोज. गिअर कधी टाकायचा ते सांगतील, गिऱ्हाइकांशी भाड्याचं बोलतील. गाड्यावर बसवलं तर धाकट्याच्या नूडल्समध्ये मीठ किती ते सांगतील. पण तुम्ही थोरले. पहिला मान तुमचा."

नवरा उभा राहून विचार करत होता. पण तो वाईट माणूस नाही, नुसता माझ्या धमकीने वळणाराही नाही. तो म्हणाला, "मला मेंढरांचं काही नाही. ते पुन्हा चारीत पडले तर त्यांचा पुतण्या काय करणार? गुडघा धरला की त्यांना उठता येत नाही. तू बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. मी म्हटलं, त्यांनाच विचारा.

आबा मागच्या बाजूला मेंढरांच्या वाघुरीपाशी, म्हणजे जाळीच्या कुंपणापाशी, बसले होते. कुऱ्हाड मांडीवर. नवऱ्याने सरळच विचारलं.

"आबा, भावकीत तुम्ही जिच्यावर बोलला ती कुऱ्हाड ही न्हाई."

आबांनी नाकारलं नाही. पण मानलंही नाही. "मी बोललो तवा माझ्या हातात काय होतं?"

"कुऱ्हाड."

"दांडा होता. मुठीत दांडा असतोय. जमिनीवर बी दांडाच आपटला मी, समद्यांनी बघितलं. दांडा त्योच हाय."

"दांडा तुम्ही गेल्याच उन्हाळ्यात बदललाय."

"बोलायच्या आधी बदललाय. बोलल्यावर न्हाई."

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्या समोरच्या बाभळीची एक फांदी पाडून दाखवा. दाखवली तर जा. न्हाई जमलं तर मीच मेंढरं इकतो आणि तुम्ही काय बोलायचं न्हाई."

"आधी तू पाड," आबा म्हणाले. "मला तरी कळू दे, कशी पाडायची."

नवऱ्याने कुऱ्हाड घेतली. चढला, आवेशात घाव घातले आणि फांदी कडाडून खाली आली. त्याच्यासकट आली नाही, एवढंच. एक काटेरी डहाळी त्याचा सदरा घेऊन गेली. मेंढरं भिऊन दुसऱ्या टोकाला पळाली.

"मेली," आबा म्हणाले.

"कोण?"

"फांदी. आता पुढल्या साली हितं काय खातील?"

मग ते उठले. उठताना गुडघा धरला, ते आम्ही दोघांनीही बघितलं. ते झाडावर चढले नाहीत. खालचीच एक फांदी निवडली आणि वरच्या अंगाने, सालीच्या आत थोडं, असा घाव घातला. थांबले. श्वास घेतला. दुसरा घाव. पुन्हा थांबले. नवऱ्याचा चेहरा पडत चालला, कारण ते खरंच दमत होते. पण मग त्यांनी कुऱ्हाडीच्या पाठीने फांदी खाली दाबली आणि ती न तुटता हळूहळू वाकली, पाल्यासकट जमिनीला टेकली. निम्मी साल अजून झाडाला धरून होती. अशी फांदी खाल्ली गेली तरी जगते, पावसात पुन्हा फुटते. आबांनी तोंडाने बारीक आवाज काढला. पळालेली मेंढरं परत आली आणि पाल्याला लागली.

आबा घामाघूम झाले होते. "धार बरी हाय हिची," ते म्हणाले, आणि एवढं बोलायलाही त्यांना थांबावं लागलं.

नवऱ्याने फाटक्या सदऱ्यातले काटे काढले.

"वर चढायचं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "उंच फांद्या तुमचा पुतण्या पाडंल. फोन चार्ज ठेवायचा. गुडघा धरला तर मला सांगायचं, मी पिकअप घेऊन येतो, आसाल तिथनं आणतो. आणि होळीला मी बघायला येणार."

"बरं."

"आणि धाकट्याला हे काय सांगायचं न्हाई."

"मी कावून सांगू?"

आबा इतक्या लवकर सगळं मान्य करत नाहीत. त्यांनी फोन चार्ज ठेवायचं कबूल केलं तेव्हा मला ते खरंच जाणार याची खात्री पटली.

दिवाळीनंतर ते निघाले. घोड्यावर बोजा, पुढे पुतण्या, मागे मेंढरं, आणि खांद्यावर ती कुऱ्हाड. काळी करून देऊ का, असं मी आधी विचारलं होतं. ते म्हणाले, नको, धाकटीला वाईट वाटेल. गल्लीच्या तोंडाला त्यांच्या वयाचे एक मेंढपाळ उभे होते. तेही दुसऱ्या दिवशी निघणार होते. त्यांनी चकाकणारी कुऱ्हाड बघितली आणि जे विचारायचं तेच विचारलं.

"का बे, कालच मेंढरं घेतली का?"

आबा थांबलेसुद्धा नाहीत. "सुनंनं घासली," ते म्हणाले. "आमच्या घरात कुऱ्हाड बी घासत्यात. तुझ्याकडं कुणी हात लावत न्हाई वाटतं?"

ते मेंढपाळ तिथंच उभे राहिले. मेंढरं निघून गेली.

दुपारी त्या मेंढपाळांची सून माझ्या दुकानात आली. हातात त्यांची कुऱ्हाड होती, ओली, राखेने माखलेली आणि अजून काळीच. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"सकाळपासून घासतेय," ती म्हणाली. "मामंजी म्हणतात, तशीच चमकली पाहिजे, न्हाईतर उद्या मी निघत न्हाई. तुम्ही काय लावलं होतं हो?"

मी मशीनवरून मान वर केली. "मला नाही माहिती बाई," मी म्हणाले. "आमच्या धाकटीचा हात आहे तो. तिला विचार."

धाकटीने कुऱ्हाड घेतली, उलटसुलट करून बघितली. "एवढंच ना?" ती म्हणाली. "आंबट लावलं की सुटतंय." तिने पदर खोचला, चिंच भिजत घातली आणि अंगणात बसली.

त्या कुऱ्हाडीचा काळा रंग खरा होता, चहाचा नव्हता. मी दार लोटून घेतलं, कारण विटेच्या चुऱ्याचा आवाज फार येत होता, आणि बाह्या लावायला घेतल्या.